ऐकण्याचे ग्रंथ आणि त्यांचे वाटाडे

ग्रंथ म्हणजे डोळ्यांनी वाचावयाची वस्तू, ही समजूत तशी अलीकडची आहे. छापखाने निघाले, शाळा निघाल्या, घरोघर बऱ्यापैकी दिव्याची सोय झाली, तेव्हा कोठे एकट्याने, ओठ न हलविता, मनातल्या मनात वाचण्याची सवय समाजाला लागली. त्यापूर्वी कित्येक शतके महाराष्ट्राने ग्रंथ वाचले त्याहून अधिक ऐकले. खानदेशातील जुन्या गावांतून श्रावण लागला की मारुतीच्या देवळात, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याच्या ऐसपैस ओसरीवर पोथी लागे. श्रीधरकवीचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' पुढे ठेवून एकजण ओव्या म्हणे, दुसरा त्यांचा अर्थ सांगे, आणि दिवसभर कपाशी निंदून आलेली, अक्षरओळख नसलेली माणसे घटकाच्या घटका कान देऊन बसत. 'पोथी वाचली' असे फारसे कोणी म्हणत नसे. 'पोथी लावली' असे म्हणत.

या सगळ्या व्यवहारात एक माणूस असा असे की ज्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. यंदा कोणती पोथी लावावयाची हे तो सांगत असे. पाऊस हुकला आहे, मंडळी खचली आहेत, तेव्हा रामकथा घ्यावी. अमक्याच्या घरी तरणाताठा मुलगा गेला आहे, तेव्हा शोकाचे आख्यान तूर्त राहू द्यावे, असा त्याचा विचार चाले. त्याने ती पोथी आधी कितीदा तरी ऐकलेली असे आणि ऐकावयास येणारी माणसे त्याच्या ओळखीची असत. त्याचा अधिकार एवढ्या दोनच गोष्टींवर उभा असे. तो पंडित असलाच पाहिजे असा काही नियम नव्हता.

आज हेच काम निराळ्या साधनांनी होऊ लागले आहे, आणि ते करणारी माणसे कोण, ती काय करतात व त्यांनी काय करावे, हा या भाषणाचा विषय आहे. कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन असे एखादे पुस्तक जाणत्या वाचकाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवावे, ते ध्वनिमुद्रित व्हावे आणि श्रोत्याने ते हातातल्या दूरध्वनी यंत्रावर हवे तेव्हा ऐकावे, याला श्राव्य ग्रंथ किंवा 'ऑडिओबुक' म्हणतात. अशा ग्रंथांपैकी कोणता ऐकावा, कोणता ऐकू नये, याची चर्चा करणाऱ्या ध्वनिमालिकाही निघाल्या आहेत. त्यांना 'पॉडकास्ट' असे नाव आहे. 'आयपॉड' नावाचे खिशात मावणारे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' हा नभोवाणीचा शब्द, या दोहोंच्या संकरातून बेन हॅमर्सली नावाच्या एका इंग्रज पत्रकाराने २००४ साली हा शब्द सुचविला, आणि तो जगभर रुजला. नभोवाणीचे भाषण ठरल्या वेळी ऐकावे लागते, ते हुकले की हुकले. पॉडकास्ट श्रोत्याची वाट पाहत थांबतो. हा फरक वाटतो तेवढा लहान नाही.

श्राव्य ग्रंथाचा उगम मात्र करमणुकीत नाही. एडिसनने १८७७ साली ध्वनिलेखनाचे यंत्र सिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी त्या यंत्राचे भावी उपयोग कोणते, याची एक यादी त्याने एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या यादीत अंधांसाठी बोलकी पुस्तके हा उपयोग अगदी आरंभीच येतो. परंतु एडिसनच्या नळीवर दोनचार मिनिटांपलीकडे आवाज मावत नसे. पहिल्या महायुद्धात हजारो तरुण शिपायांचे डोळे गेले. त्या वयात बोटांनी ब्रेल लिपी शिकणे पुष्कळांना जमेना. सॉमच्या लढाईत १९१६ साली दृष्टी गमावलेले इयान फ्रेझर यांनी हा प्रश्न हाती घेतला. अखेर १९३५ साली इंग्लंडमध्ये अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची सेवा सुरू झाली. नेहमीची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. या तबकड्या अवघे २४ फेरे घेत, त्यामुळे एका बाजूवर २५ मिनिटे मजकूर बसे. एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. आरंभीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती या बाईंची एक रहस्यकथा होती. शिपायांना धर्मग्रंथच ऐकवावेत असे कोणी ठरविले नाही, हे त्या चालकांच्या शहाणपणाचे लक्षण होय.

भारतात हे काम प्रथम अंधांच्या संस्थांनीच अंगावर घेतले. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाने बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय उभारले, आणि वाचून दाखविणाऱ्या स्वयंसेवकांची एक पिढीच तयार झाली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढल्यावर तर हे काम घरबसल्या होऊ लागले. पण एक अडचण फार वर्षे राहिली. पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करणे म्हणजे त्याची प्रत काढणे, आणि त्याला हक्कधारकाची परवानगी हवी. २०१२ साली भारताच्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अपंगांच्या उपयोगासाठी अशी प्रत काढण्यास मोकळीक मिळाली. याच हेतूने २०१३ साली माराकेश येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला सर्वांच्या आधी, २०१४ च्या जूनमध्ये, मान्यता देणारे राष्ट्र भारत हे होते. या गोष्टीचा गाजावाजा झाला नाही, तो व्हावयास हवा होता.

व्यापारी श्राव्य ग्रंथ मराठीत मोठ्या प्रमाणावर आले ते २०१७ च्या अखेरीस 'स्टोरीटेल' ही स्वीडिश कंपनी भारतात आल्यानंतर. इंग्रजी व हिंदी यांच्या जोडीने तिने मराठीची निवड केली. मराठी माणूस कथा ऐकावयास गर्दी करतो हे काही नवे नव्हते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार व व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनासाठी उभा महाराष्ट्र पालथा घातला होता. कंपनीने पुढे 'स्टोरीटेल कट्टा' नावाची पॉडकास्टची मालिकाही काढली, तीत लेखकांशी व वाचनकारांशी गप्पा होत. याखेरीज स्वतःच्या हौसेने अशा शिफारशी करणारी माणसेही आहेत. त्यांच्याजवळ सामग्री ती काय असावयाची? एक बरासा ध्वनिग्राहक, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेल्या गोधड्या, आणि रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबल्यानंतरचे दोन तास.

आता मुख्य प्रश्न. छापील पुस्तकाच्या बाबतीत वाटाड्याची गरज एवढी भासत नाही. दुकानात उभे राहून चार पाने उलटावीत, मधलेच एखादे प्रकरण चाळावे, शेवट पाहावा, आणि नको असेल तर ठेवून द्यावे. ऐकण्याचा ग्रंथ असा चाळता येत नाही. तो एका सुरात, एका वेगाने पुढे जातो. तीनशे पानांची कादंबरी ऐकावयास दहा तास सहज लागतात. चाळीसगावहून भुसावळला आगगाडीने रोज जाऊन येणाऱ्या नोकरदाराचा तो आठवडाभराचा प्रवास होय, शेतावर राखणीला बसलेल्याच्या त्या तीन रात्री होत, आणि ज्याची दृष्टी गेली आहे अशा म्हाताऱ्या माणसाच्या हातात तर याखेरीज दुसरा ग्रंथच नाही. अशा माणसाला कोणी वाईट पुस्तक सुचविले, तर नुसते पैसे जात नाहीत, ऐकण्यावरचा विश्वास उडतो. एकदा फसलेला श्रोता पुन्हा कान देत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. छापील पुस्तकात लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणी नसते. येथे एक तिसरा माणूस बसलेला असतो. ग्रंथ उत्तम आणि वाचन मात्र सपक, असे वारंवार घडते. कधी उलटही घडते. सामान्य कथा एखाद्या गोड गळ्याने अशी सांगितलेली असते की ऐकताना तिचे सामान्यपण लक्षातच येत नाही, आणि मागाहून काही केल्या ती आठवतही नाही. म्हणून शिफारस करणाऱ्याने लेखकाबरोबर वाचनकाराचेही परीक्षण केले पाहिजे. बहुतेक मालिकांत हे होत नाही. लेखकाचे नाव, पारितोषिके, कथानकाचा सारांश, एवढ्यावर वेळ संपतो. आणि सारांश सांगताना रहस्यही फुटते ते निराळेच. शिवाय पहिली दहा मिनिटे निवेदकांच्या आपसातील हास्यविनोदात जातात. तो त्यांना गोड वाटत असेल.

सगळ्यात मोठा दोष मात्र न ऐकता शिफारस करण्याचा. यंत्रावर वेग वाढवून दीडपट, दुप्पट गतीने पुस्तक ऐकण्याची सोय असते. ज्यांना आठवड्याला पाच पुस्तकांची नावे सांगावयाची असतात, ते तिचा आधार घेतात. आणि काही तर प्रसिद्धीपत्रक वाचून मोकळे होतात. ज्याने ग्रंथ मूळ गतीने शेवटपर्यंत ऐकला नाही, त्याला तो कोठे रेंगाळतो, कोठे झोप येते, वाचनकाराचा आवाज शेवटच्या तासात कसा थकतो, हे कसे कळणार?

ऐकणे, ऐकलेले पारखणे आणि मग दुसऱ्याला 'हे ऐका' म्हणून सांगणे, ही कला खानदेशला नवी नाही. या प्रांताच्या वाङ्मयाच्या इतिहासातील तीन मोठ्या घटना पाहिल्या, तर तिन्हींच्या मागे कोणीतरी चांगला ऐकणारा उभा असलेला दिसतो.

पहिली घटना जळगावची, १९०७ सालची. तेथे मराठी कवींचे संमेलन भरले होते. अध्यक्ष होते कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. व्यवसायाने लष्करी डॉक्टर आणि औषधी वनस्पतींचे गाढे अभ्यासक. धरणगावी जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सोळा-सतरा वर्षांचा पोरसवदा मुलगा सभेपुढे उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. ती छापलेली नव्हती, तिच्यावर कोणी अभिप्राय दिलेला नव्हता. अध्यक्षांजवळ निर्णयाचे साधन होते ते फक्त कान. कीर्तिकरांनी त्या मुलाचा 'बालकवी' म्हणून गौरव केला, आणि महाराष्ट्र आज त्याला त्याच नावाने ओळखतो. १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली स्थानकावर रेल्वेखाली सापडून तो गेला, तेव्हा त्याला अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या दिवशी सभेत अध्यक्षांचे लक्ष दुसरीकडे असते तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरी घटना धुळ्याच्या तुरुंगातील. १९३२ च्या कायदेभंगात विनोबा भावे तेथे बंदी होते. वय छत्तीस. सोबतच्या राजबंद्यांत जमनालाल बजाज, गुलझारीलाल नंदा यांच्यासारखी मंडळी होती, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत पडलेले पांडुरंग सदाशिव साने हेही होते. २१ फेब्रुवारीला, रविवारी, विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. पुढच्या रविवारी दुसऱ्यावर. असे अठरा रविवार झाले, आणि १९ जूनला अठरावा अध्याय पुरा झाला. विनोबांच्या पुढे लिहिलेला मजकूर नव्हता. ते बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. बोलण्याचा वेग हाताच्या वेगाहून पुष्कळ अधिक असतो. ऐकणाऱ्याला शब्द पकडावा लागतो, त्याच वेळी पुढचा शब्द ऐकावा लागतो, आणि बोलणाऱ्याचा सूर सुटू द्यावयाचा नसतो. 'गीता प्रवचने' हे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्यातील वाक्ये किती आखूड आहेत, दृष्टांत किती घरगुती आहेत, समोर बसलेल्या माणसाशी केलेले बोलणे त्यात किती जसेच्या तसे उमटले आहे, हे ठाऊक आहे. तो गुण बोलणाऱ्याचा खराच, पण तो कागदावर जिवंत राहिला याचे श्रेय ऐकणाऱ्याचे आहे. गुरुजी स्वतः भावनाप्रधान लेखक होते, त्यांची स्वतःची शैली पाझरणारी, ओलसर. तिचा शिंतोडा त्यांनी विनोबांच्या वाक्यांवर पडू दिला नाही. स्वतःजवळ आवाज असताना दुसऱ्याचा आवाज असा स्वच्छ पोचविणे हे किती लेखकांना साधेल? धुळ्याच्या भिंतींआड काही थोड्या बंद्यांनी ऐकलेली ती प्रवचने पुढे ग्रंथरूपाने अनेक भाषांत गेली.

तिसरी घटना सर्वांना परिचित आहे, परंतु तिच्यातील दुय्यम माणसांकडे लक्ष जात नाही. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. लग्नानंतर त्या जळगावी आल्या, तिशीच्या सुमारास वैधव्य आले. अक्षरओळख नव्हती. शेतात, घरोटावर, चुलीपुढे बसल्या बसल्या त्या ओव्या रचीत आणि म्हणत. त्या हवेत विरून जावयाच्या, आणि पुष्कळ विरूनही गेल्या. ज्या राहिल्या त्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवल्या म्हणून. सोपानदेव स्वतः नामवंत कवी होते. नामवंत कवीने घरातल्या निरक्षर आईची गाणी वहीत उतरवून घेणे, याला केवळ मातृभक्ती पुरत नाही, कानही लागतो. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचत संकोचत ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्र्यांनी ती छापलीच पाहिजे असा आग्रह धरला, स्वतः प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्रापुढे आली. अत्र्यांसारख्या वक्त्याने, ज्याच्या शब्दावर सारा महाराष्ट्र कान टवकारीत असे, आपले सगळे वजन एका अपरिचित शेतकरी बाईच्या पारड्यात टाकले. शिफारस म्हणतात ती ही. (याच अत्र्यांनी पुढच्या वर्षी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चा चित्रपट केला. खानदेशाने त्यांचे उतराई व्हावे अशी ही दोन कामे आहेत.) १९९० साली जळगावी स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ पासून या निरक्षर कवयित्रीचेच नाव आहे.

बहिणाबाईंच्या गाण्यांमुळे वाटाड्यांपुढचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. ती गाणी लेवा पाटीदार समाजाच्या बोलीत आहेत. त्या बोलीत 'डोळा' हा 'डोया' होतो, 'केळी'ची 'केयी' होते, खुद्द जळगाव 'जयगाव' होते. पुण्यामुंबईचा कसलेला वाचनकार कागदावरील अक्षरे बिनचूक उच्चारील, पण हेल कोठून आणणार? दोन शब्दांमधला तो खानदेशी झोका शाळेत शिकविला जात नाही. उच्चार शुद्ध आणि गाणे मेलेले, असे मग होते. असा श्राव्य ग्रंथ पुढे आला, तर शिफारस करणाऱ्याने स्पष्ट सांगितले पाहिजे की, बाबांनो, हा आवाज त्या मातीतला नव्हे. पण हे सांगावयास त्या मातीतला कान हवा. शिफारशी करणाऱ्या मालिका पुण्या-मुंबईच्या वातावरणात वाढलेल्या. तेथील निवेदकाला हा दोष दोष म्हणून जाणवतच नाही.

अहिराणीचे दुखणे याहून मोठे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार भरली, आणि जनगणनेने ती मराठीहून निराळी मोजली. धुळे, नंदुरबार, अमळनेर, पारोळे या भागात बाजारात, शेतात, लग्नघरी जी भाषा चालते, 'आहे'च्या जागी 'शे' आणि 'मला'च्या जागी 'माले' म्हणते, तिच्यात कानबाईची गाणी आहेत, म्हणी आहेत, लग्नातल्या विनोदी गाण्यांचा तर सुकाळ आहे. ही सारी मूळची कानाची संपत्ती. लिहिण्याचा प्रघात कमी असल्यामुळे छापील पुस्तकांच्या शर्यतीत अहिराणी मागे पडली, हे समजण्यासारखे आहे. पण ध्वनिग्रंथाच्या शर्यतीत तिने मागे पडावे याला कारण नाही. येथे तर ती दोन पावले पुढेच असावयास पाहिजे. धुळ्याच्या एखाद्या घरात ऐंशी वर्षांची आजी आज जे म्हणते, ते तिच्या नातवाच्या हातातील यंत्रावर उतरवून घेता येते. त्याला गोधड्यांची खोलीही लागत नाही. पहाटेचा निवांत वेळ पुरतो. लागतो तो सोपानदेव आणि पितांबर यांच्यासारखा कोणीतरी, ज्याला हे उतरवून घेण्याजोगे आहे असे वाटेल. आणि मग लागतो कोणीतरी अत्रे.

या धंद्याच्या पैशांची बाजूही सांगितली पाहिजे. शिफारशीची मालिका श्रोत्याला फुकट मिळते, मग ती चालते कशावर? कधी चालकांच्या पदरमोडीवर, कधी श्रोत्यांच्या वर्गणीवर, आणि पुष्कळदा ज्या कंपनीचे ग्रंथ सुचवावयाचे त्याच कंपनीच्या पैशांवर. शेवटच्या प्रकारात मुळीच वाईट नाही असे नाही, आणि मुळीच चांगले नाही असेही नाही. कंपनीच्या पैशामुळे लेखकांच्या उत्तम मुलाखती झाल्याची उदाहरणे आहेत. पण श्रोत्याला ते कळले पाहिजे. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याखाली २०२२ साली सरकारने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार शिफारस करणारा आणि माल विकणारा यांच्यात देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो उघड सांगणे बंधनकारक आहे. ते नियम साबण-तेल डोळ्यांपुढे ठेवून केलेले वाटतात, परंतु ग्रंथही विकलाच जातो. पोथी कोणती लावावी हे सांगणारा जर पोथी विकणाराच निघाला असता, तर गावाने त्याला ओसरीवर बसू दिले असते, पण त्याच्या शब्दाची किंमत वेगळी धरली असती.

वाटाड्याची खरी परीक्षा जेथे एकाच ग्रंथाचे अनेक आवाज असतात तेथे होते. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो, म्हणून २०११ च्या आरंभापासून 'श्यामची आई' कोणीही छापावी, कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करावी. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत बहुतांशी लिहून झालेले हे पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच रचलेले आहे. रोज रात्री श्याम मित्रांना एक आठवण सांगतो, आणि प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशीच नावे आहेत. म्हणूनच ते वाचून दाखविण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्या पुस्तकात रडू लेखकाने आधीच भरपूर घातलेले आहे. वाचनकाराने त्यात आपले रडू मिसळले की पदार्थ बिघडतो. मागे सतारीचे करुण सूर लावले की अधिकच बिघडतो. कोणाचे वाचन कोरडे, कोणाचे ओले, लहान मुलांना कोणाचे मानवेल, हे ज्याने दोनतीन आवृत्त्या पूर्ण ऐकल्या तोच सांगू शकेल. आणि ते सांगणे हीच श्रोत्याची खरी सेवा. एरव्ही 'श्यामची आई वाचा' असे सांगावयास महाराष्ट्रात वाटाड्या कशाला हवा?

कोणता ग्रंथ, कोणाच्या आवाजात, कोणासाठी, याखेरीज आणखी एक गोष्ट जुना पोथी लावणारा सांगत असे, आणि आजचे शिफारसकार सहसा सांगत नाहीत. ती म्हणजे किती दिवसांत. हरिविजय एका बैठकीत संपवावा असे कोणी म्हटले नाही. रोज एक अध्याय, श्रावण संपेतो. श्राव्य ग्रंथ मात्र लोक एका दमात उरकतात, आणि यंत्रही एक प्रकरण संपताच दुसरे आपोआप सुरू करते. 'गीता प्रवचने' कोणाला ऐकावयास सुचवावयाची झाल्यास, ती धुळ्याच्या बंद्यांनी ऐकली तशी ऐकावीत असे सुचवावे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी पहिले. मग सहा दिवस काही नाही. कामधंदा करावा, ऐकलेले मनात घोळू द्यावे. पुढच्या रविवारी दुसरे. मार्चमध्ये गव्हाची कापणी, मे महिन्यात खानदेशातले ते तापलेले रविवार, आणि अठरावे प्रवचन येते तेव्हा मृग लागून दहाबारा दिवस झालेले असतात आणि माणसे पेरणीसाठी आभाळाकडे पाहत असतात.